दुपारचा फॉरेनवाला

६ जानेवारी २००७

मोडेमचा दिवा लुकलुकतो. मी कॉम्प्युटरवर बसलेलो असताना लुकलुकला तर माझी तक्रार नाही. पण आज सकाळी मी बेसिनपाशी दाढी करत होतो, गोदू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, कॉम्प्युटरच्या खुर्चीत कोणीही नव्हतं, आणि दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ माझ्या घरातून माल आतबाहेर चाललाय आणि गेटवर माणूस नाही.

हे मला खपणारं नाही. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत मी जन्मभर गेट सांभाळलं आणि सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून रिटायर झालो. गेटपास नव्हता म्हणून जनरल मॅनेजरच्या मेहुण्याला मी भर उन्हात बाहेर उभं केलं होतं. त्याबद्दल मला मेमो मिळाला. तो मेमो मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय.

कॉम्प्युटर दिवाळीत घेतला. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, जिन्यात चपला काढू नयेत, अशा नोटिसा हाताने लिहिल्या तर लोक त्याखाली काहीबाही लिहून ठेवतात. छापील नोटिशीला जरा वचक असतो.

गोदूला विचारलं, "तू हात लावतेस का याला?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. तिची तव्यावरची भाकरी करपली. तिची भाकरी एरवी कधी करपत नाही.

८ जानेवारी

टेकचंदला फोन केला. उल्हासनगरच्या कॅम्पात त्याचं दुकान आहे, कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला. म्हणाला, "साईं, लाइट है, ब्लिंक तो करेगा ही. पंखा लाया तो घुमेगा नहीं क्या?"

मी म्हटलं, पंखा मी बटण दाबल्यावर फिरतो, हा न दाबता लुकलुकतो. त्यावर तो बराच वेळ कोणा गिऱ्हाइकाशी सिंधीत बोलत राहिला. शेवटी मला टाळायला म्हणून त्याने एक मंत्र दिला: काळी खिडकी उघडायची, तिच्यात नेटस्टॅट असं टाइप करायचं, की कॉम्प्युटर त्या घडीला कोणाकोणाशी बोलतोय त्याची यादी येते. "देख लो, पढ लो, और आराम करो."

९ जानेवारी

आराम कसला! यादी पाहून चहा गार झाला. मी फक्त नोटीस टाइप करत होतो आणि इकडे माझ्या घरातून ओळीच्या ओळी बाहेर बोलत होत्या. एका रकान्यात आपला पत्ता, समोरच्या रकान्यात फॉरेन अ‍ॅड्रेस. फॉरेन! बदलापुरात राहून मी आजवर पासपोर्टसुद्धा काढला नाही.

काही ओळींपुढे एस्टॅब्लिश्ड लिहिलंय, म्हणजे बोलणं चालू आहे. काहींपुढे टाइम वेट. ही जात मी लगेच ओळखली. भोंगा झाला, काम संपलं, तरी गेटपाशी तंबाखू मळत रेंगाळणारी माणसं असतात, ती ही. ती आपोआप पांगतात. पण सगळ्यांत जास्त ओळींपुढे लिसनिंग लिहिलंय. म्हणजे ऐकतायत.

टेकचंद म्हणतो, लिसनिंग म्हणजे दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. असेल. पण मी ठरवलंय की सोसायटीच्या गोष्टी कॉम्प्युटरच्या खोलीत बोलायच्या नाहीत. पडद्याच्या वर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर, जो टेकचंदने फुकट दिला तेव्हाच मला संशय यायला हवा होता, मी माझा काळा मोजा घातलाय.

१५ जानेवारी

काल संक्रांत. बिल्डिंगमधली पोरं तिळगूळ घेऊन गेली. गोदूने यंदा तिळाचे दागिने केले: हार, बांगड्या, अगदी इवलासा मुकुट. मी म्हटलं, एवढे कोणाला? म्हणाली, हात रिकामे बसत नाहीत म्हणून केले.

सणाला तिला माधवीची आठवण येत असणार. माधवी आमची मुलगी. एकच. गेल्या वर्षी तिने राजरत्न नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि दोघं हैदराबादला असतात. मुलगा उल्हासनगरचा, इंजिनिअर, सुपारीचंही व्यसन नाही, असं मला येऊन येऊन लोकांनी सांगितलं. घरात बुद्धाची मूर्ती आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मी जातपात मानत नाही. कंपनीत मी सगळ्यांची सारखीच झडती घ्यायचो. पण गेट ते गेट. आज आपल्यातला नसलेला एक सोडला की उद्या कोणाला कोणत्या तोंडाने अडवायचं? तो विषय या घरात बंद आहे. फोनच्या एसटीडीलाही मी कुलूप घातलंय, त्याचा नंबर माझ्याकडे असतो.

२२ जानेवारी

चोर सापडला. निदान त्याची वेळ सापडली.

जेवण झाल्यावर मी घटकाभर पडतो. उठल्या उठल्या काळी खिडकी उघडली, तर एक ओळ रेंगाळत होती, जी सकाळी नसते. काल होती, परवाही होती. फॉरेन अ‍ॅड्रेसवाला कोणी रोज मी झोपलो की येतो आणि मी उठायच्या आत जातो! माझ्या झोपेची वेळ त्याला कशी कळते? मी याचं नाव दुपारचा फॉरेनवाला असं ठेवलंय.

आणखी एक. कॅमेऱ्यावर मी काळा मोजा घातला होता. आज तिथे निळा आहे. गोदूला विचारलं तर म्हणाली, काळा धुवायला टाकला. मोज्याच्या बाबतीत ती इतकी टापटीप कधीपासून झाली?

२७ जानेवारी

आज मात्र मला बरं वाटलं. सकाळी गोदूने मला पालेगावला पिटाळलं, तिथे नव्या बिल्डिंगा होतायत त्या बघून या म्हणाली, तुमच्यासारख्या माणसाने चार सूचना केल्या तर त्यांचंच भलं होईल. मी सूचना केल्या. तिथल्या वॉचमनने मला बाहेर काढलं.

परत आलो तर कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लावलेलं, कीबोर्डच्या फटींत तांदळाचे दाणे, शेजारी खण, नारळ आणि निरांजन. खोलीभर तुपाचा वास. समोरच्या फ्लॅटमधली मीनल, शाळेच्या ऑफिसात काम करते ती, हिरवी साडी नेसून पेढा खात बसली होती. मला बघून तिला ठसका लागला.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, कंपनीत मशिनं पुजायचो. कॉम्प्युटरही मशीनच. तिथी चुकली, पण गोदूच्या मनात यंत्राबद्दल श्रद्धा उत्पन्न झाली हे काही कमी नाही. मी तिला तसं म्हणालो. तिने पदराने डोळे पुसले. धुराने चुरचुरले असतील.

दाणे काढायला टूथब्रश लागला. 'म' अक्षर अजून अडकतं.

२ फेब्रुवारी

टेकचंद येऊन फायरवॉल नावाची वस्तू टाकून गेला. आहाहा! हिच्यासाठी मी जन्माला आलो होतो. कॉम्प्युटरमधून कोणीही बाहेर जायला निघाला की पडद्यावर चौकट येते: अमुक प्रोग्रॅम बाहेर बोलू पाहतोय, सोडायचा की नाही? खाली अलाऊ आणि डिनाय. आणि 'कायमचं लक्षात ठेव' असाही एक चौकोन आहे.

कंपनीत ही सोय असती तर माझे गुडघे शाबूत राहिले असते.

पहिल्या तासात मी प्रिंटरला अडवलं. प्रिंटरला घराबाहेर काय काम? घड्याळ बाहेर कोणाला तरी वेळ विचारायला निघालं होतं. भिंतीवर घड्याळ आहे, तिथे बघ म्हटलं. मग अँटीव्हायरस म्हणून कोणी आला, म्हणे नवीन माहिती आणायला जातो. रोज जातो म्हणे! रोज बाहेर जाणारा कामगार म्हणजे कामचुकार. त्यालाही कायमचा डिनाय. टेकचंद टेबलाशी बसून समोसा खात सगळं पाहत होता. "साईं, वो तो अपना ही आदमी था," म्हणाला. अपना आदमी सगळेच असतात.

५ फेब्रुवारी

आज पडलो, पण झोपलो नाही. डोळे मिटून घोरण्याचा आवाज काढला. थोड्या वेळाने बाहेर खुर्ची सरकली. मी ताडकन उठून गेलो. गोदू टेबल पुसत होती. आणि पडद्यावर चौकट होती: बोलायचा प्रोग्रॅम बाहेर जाऊ पाहतोय.

"थांब, हात लावू नकोस!" मी ओरडलो. "हाच तो फॉरेनवाला!"

"असू दे की," गोदू म्हणाली. "काय बिघडतंय? जाऊ दे बिचाऱ्याला."

बायकांचं हे असं असतं. मी डिनाय दाबलं आणि कायमच्या चौकोनात खूण केली. गोदू फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. भ्यायली असावी. मी तिला सांगितलं, आता घाबरू नकोस, आता तो या घरात परत यायचा नाही.

७ फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. मी विषय मांडला की सोसायटीच्या कागदपत्रांवर कोणाचा तरी डोळा आहे, आणि माझा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या हिरामणवर आहे. हिरामण बदलापूर गावातला, बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्याच्या बापाची. त्याला सेक्रेटरी व्हायचंय हे शेंबडं पोरही सांगेल.

हिरामण म्हणाला, "मना कम्प्युटर चालू कराला पन येत नाय, ना मी तुमच्या घरान शिरतंय? तुमच्या नोटिशीन असं काय हाय, पापड?"

सगळे हसले. मीनल मात्र हसली नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. त्या पोरीला परिस्थितीचं गांभीर्य कळतं.

१४ फेब्रुवारी

घर सुरक्षित आहे. काळ्या खिडकीत एकही एस्टॅब्लिश्ड ओळ नाही. सगळं एकदम शांत.

जरा जास्तच शांत आहे. दुपारी पडल्यावर पूर्वी मला झोपेत कुठून तरी हसण्याचा आवाज यायचा. टीव्हीवरची मालिका असेल असं वाटायचं. आता येत नाही, आणि त्यामुळे की काय, झोपच लागत नाही.

गोदू कोथिंबीर आणायला जाते ती तासाभराने येते. कोपऱ्यावर एसटीडी बूथ आहे, त्याच्या शेजारचाच भाजीवाला तिला पसंत आहे. कधी कोथिंबीर न घेताच येते. जेवण कमी झालंय. पित्त असेल म्हणून सोडा दिला. दुपारी टीव्ही न लावता खिडकीशी बसून कुंची शिवते. इवलीशी आहे, लाल काठाची. कोणाला? म्हणाली, बिल्डिंगमध्ये कोणाला तरी होईलच की.

खरं लिहायचं तर तिच्याकडे बघून मला कसंतरीच होतं. अडवलं मी फॉरेनवाल्याला आणि आजारी पडली ही.

१९ फेब्रुवारी

आज एका शिस्तीच्या प्रोग्रॅमची भेट झाली. बाकीचे सगळे चोरासारखे मागच्या मागे जातात. हा समोरून आला. पडद्याच्या मध्यभागी ढाल, ढालीवर शिक्का, खाली मोठ्या अक्षरांत सूचना: महोदय, आपल्या संगणकात अनेक घुसखोर आढळले आहेत, आम्ही तपासणी करू काय? म्हणजे इंग्रजीत होतं, पण अदब तीच.

मला युनिफॉर्मची पारख आहे. सलाम ठोकून, ओळखपत्र दाखवून परवानगी मागणारा हा पहिलाच. मी अलाऊ दाबलं, कायमचा पास दिला. त्याने तपासणी केली आणि घुसखोरांची अशी लांबलचक यादी काढली की माझा ऊर भरून आला. मी हेच तर सगळ्यांना सांगत होतो!

२४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर चालू व्हायला आंघोळ होईपर्यंतचा वेळ लागतो. चालू झाला की ढालवाला चौकटींवर चौकटी काढतो. नोटीस टाइप करायला गेलं की मध्येच भलत्याच बायकांची चित्रं येतात. सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीशेजारी ही चित्रं! गोदू आली तेव्हा मी पडद्यावर टॉवेल टाकला.

१ मार्च

टेकचंद आला, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "साईं, ये तो ठग है. व्हायरस खुद पुलिस बनके आया और आपने कुर्सी दी. और जो असली चौकीदार था, अँटीव्हायरस, उसको आपने बाहर जाने से रोका. बेचारा भूखा मर गया."

मी म्हणालो, त्याच्याकडे शिक्का होता. टेकचंद म्हणाला, शिक्का तो कॅम्प में हर नाके पे बनता है.

सगळं पुसून नव्याने टाकावं लागलं. त्याने जुना पासवर्ड विचारला. मी सांगितला नाही, स्वतः टाइप केला. त्याची नजर माझ्या बोटांवर होती. "बेटी का नाम रखा है? अच्छा है, साईं. आदमी भूलता नहीं." मी त्याला म्हटलं, आपलं काम कर. नवा पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा पुन्हा तोच टाकला. घाईत दुसरा सुचला नाही.

काम संपलं तोवर गोदू बूथवरून, म्हणजे भाजीहून, आली. जिना चढून धाप लागली होती आणि चेहरा नुसता फुललेला. आल्या आल्या तिने साजूक तुपातला शिरा केला, केशर घालून. टेकचंदला दोनदा वाढला, मीनलकडे डबा दिला, मला चमच्याने स्वतःच्या हाताने भरवला. मी म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्त झाला याचा तुला एवढा आनंद? ती हसत हसत रडायला लागली.

पित्त उतरलं एकदाचं.

११ मार्च

हे नीट लिहायचं आहे, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

जेवण झाल्यावर पडलो नाही. टाकी धुण्याची नोटीस करायची होती. गोदूने दोनदा सांगितलं की जरा पडा, डोळे लाल दिसतात. तिसऱ्यांदा मीनल दारात येऊन म्हणाली, काका, तुम्ही दमल्यासारखे दिसताय. मी दोघींनाही घालवलं आणि 'म' अक्षराशी झटत बसलो.

तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. बोलायचा प्रोग्रॅम! तोच. सगळं पुसून काढलं तरी हा पुन्हा हजर! मी दात ओठ खात बाण डिनायवर नेला.

गोदू स्वयंपाकघरातून धावत आली. हाताला कणीक होती. तिने तो हात तसाच माझ्या हातावर ठेवला.

"आता याला नाही म्हणालात ना, तर मी हैदराबादला जाईन. मीनलने तिकीट काढून ठेवलंय, शुक्रवारचं. आणि मग तुम्ही बसा इथे गेट लावून."

"हैदराबाद कशाला?"

"अहो, तुमची माधवी आहे ती. ज्याला तुम्ही चोर चोर म्हणत होता, ती आहे. दुपारी तुम्ही झोपलात की बोलायचे मी तिच्याशी. सगळं पुसलंत, तर मीनलने तो प्रोग्रॅम परत टाकून दिला. डोहाळजेवण त्या पडद्यावर केलं मी, ओटी नुसती काचेला लावली. आणि तुम्हाला ती मशीनची पूजा वाटली! दिवस भरत आलेली पोर, बूथवर रांगेत उभी राहून तिची खुशाली विचारत होते. मुलगी झालीय तिला. शिरा कशाचा होता, एकदा तरी विचारलंत?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या गेटवर कोण सांगायला येतंय?"

इतक्या वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. आताही आवाज चढवला नव्हता. मला राग आला, हे लिहायला हवं. मला फसवलं गेलं होतं, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि त्याच वेळी ती शुक्रवारी खरोखर जाईल आणि घरात मी आणि हा दिवा एवढेच उरू, याची भीती वाटली. ती धमकी देणारी बाई नाही.

अलाऊ मी दाबलं की तिने, हे सांगता येणार नाही. माउसवर दोघांचे हात होते आणि कणीक होती.

गोदूने कॅमेऱ्यावरचा मोजा ओढून काढला. पडदा काळा झाला, मग ठिपके ठिपके, मग एक खोली. चष्मा लावलेला एक मुलगा खुर्चीत बसला होता, छातीशी दुपट्यात काहीतरी धरून. त्याने अजून इकडे पाहिलं नव्हतं. म्हणाला, "आई, माधवीचा आत्ताच डोळा लागलाय. बाबांची बीपीची नवी गोळी सूट झाली का? चक्कर येते म्हणत होता ना तुम्ही?"

माझी गोळी. या माणसाला माझी गोळी बदलल्याचं ठाऊक, मला त्याचा आवाजही ठाऊक नव्हता.

मग त्याने मान वर केली आणि मी दिसलो.

तो एकदम उठून उभा राहिला. इतक्या घाईने की खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. कॅमेरा खालीच राहिला, त्यामुळे त्याचं तोंड दिसेना. पडद्यावर फक्त शर्टाची बटणं, आणि त्यांना टेकलेली मुठीएवढं झोपलेलं डोकं. नुसता उभा होता. पोरीला सांभाळत, ताठ.

जन्मभर मी गेटवर उभा राहिलो. साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, साहेबांचे मेहुणे आले, मी उठलो, उभा राहिलो, सलाम केला. मला पाहून कोणी खुर्चीतून उठलंय, हे आजवर कधी झालं नव्हतं. आणि उठला तो हा.

गोदू माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. तो तिकडे तसाच उभा. शर्टाची बटणं वरखाली होत होती.

शेवटी मी म्हणालो, "बसा ना. उभे का?"